चिंधीचं वजन

ऐक. मधे काही बोलू नकोस, धीरबीर देऊ नकोस, नुसतं ऐक. आज सकाळी मी चिंधीला घेऊन डॉक्टरकडे गेले होते ना, तर त्या डॉक्टरीणबाईंनी तिला टोपलीतून काढलं, टेबलावरच्या काट्यावर ठेवलं, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "अरे वा, मावशीच्या अंगावर चांगलं मूठभर मांस चढलंय की." मावशी म्हणजे वाघाची मावशी, हा त्यांचा ठरलेला विनोद आहे, येणाऱ्या प्रत्येक मांजराला त्या मावशीच म्हणतात. आणि तू म्हणशील, मग काय, नाचायचं तिथल्या तिथे. पण नाही गं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो आणि ती नसतेच, तसं झालं. कारण घरी नुकतंच वजन केलं होतं आम्ही, आणि घरच्या वजनात चिंधी गेल्या महिन्यात होती तिथेच होती, तसूभर हललेली नव्हती. मी म्हटलं, डॉक्टर, परत करा. त्यांनी परत केलं, तोच आकडा. किलोच्या वर वाढलेली. मी म्हटलं, तुमचा काटा बिघडला असेल. त्या चिडल्या नाहीत, शेजारचं मांजराच्या खाण्याचं बंद पाकीट उचललं, काट्यावर ठेवलं, पाकिटावर छापलेलं वजन माझ्यासमोर धरलं. बरोब्बर. मग त्यांनी मला विचारलं की तुम्ही हिला दिवसाचं किती घालता, आणि मी सांगितलं, त्यांनीच ठरवून दिलं होतं तेवढंच, आणि त्या मान हलवायला लागल्या. म्हणाल्या, तेवढ्यावर ही एवढी भरणं शक्य नाही, घरात कुणीतरी हिला आणखी घालतंय. मी म्हटलं, घरात आहेच कोण, मी आणि बाबा. त्यावर त्या चिंधीच्या कानामागे खाजवत म्हणाल्या, "मग बाबांना विचारा. मांजर डोळे मिटून दूध पितं ते ठीक आहे, पण म्हणून घरातल्यांनीही मिटायचे नसतात."

थांब, तुला नीट सांगते, नाहीतर तुला वाटेल ही वेडी झाली, मांजर जाड झालं म्हणून रडतेय. चिंधी आईची. म्हणजे आमच्या सगळ्यांचीच, पण खरी आईची. आमचं घर तुला माहितीये, पुढच्या खोलीत बाबांचं शिवणकामाचं दुकान, मग पडदा, आणि पडद्याच्या मागे आम्ही. तर मशीनखाली कापडाच्या कातरणांचा जो ढीग असतो ना, त्यात एके दिवशी आईला काहीतरी राखाडी हलताना दिसलं. बाबा म्हणाले, चिंधी आहे, वाऱ्याने हलतेय. आई म्हणाली, तुमच्या चिंध्या म्याव म्हणतात वाटतं. झालं, नाव पडलं. आई काजं करायला, बटणं लावायला ज्या स्टुलावर बसायची त्याच्या खाली चिंधी बसायची, आणि आई उठली की वर. आई गेल्यावर ती वरच राहिली. खाली यायचं कारणच उरलं नाही ना. मी पार्सल ऑफिसमधून यायचे तर पुढे बाबा मशीनवर वाकलेले, आणि शेजारच्या स्टुलावर ती, दोघांची पाठ माझ्याकडे, आणि कुणी वळून बघायचं नाही. मला कधी कधी त्या दोन पाठींचा राग यायचा. आई माझीही गेली होती, पण मला त्या दुकानात बसायला तिसरं स्टूल नव्हतं.

मग या हिवाळ्यात चिंधीने खाणं सोडलं. आधी आम्हाला वाटलं, नखरे. मग डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसायला लागला, पाठीवरून हात फिरवला की मणके मोजून घ्यावेत असे लागायला लागले. डॉक्टर म्हणाल्या, लिव्हर सुजलंय, आणि मांजराचं असं असतं की आजारपणाने खाणं सुटतं, आणि खाणं सुटल्यामुळे आजार वाढतो, दोघे एकमेकांची शेपटी धरून फिरत राहतात. औषध चालेल, पण तिच्या पोटात अन्न गेलं नाही तर ती जाईल, अगदी सरळ सांगितलं. बाबा तिथे भिंतीला टेकून उभे होते. आईच्या वेळी हॉस्पिटलमध्येही ते असेच उभे राहायचे, खुर्ची असली तरी. ते एवढंच म्हणाले, "ही जायला नको." कुणाला म्हणाले काय माहीत. माझ्याकडे बघत नव्हते, डॉक्टरांकडेही नाही. आईच्या सगळ्या आजारपणात मी त्यांच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. आणि मी ना, त्याच क्षणी मनाशी ठरवून टाकलं, म्हणजे अगदी मूर्खासारखं, की हिला जगवायची. ही जगली तर बाबा जगतील. असं काही कुठे लिहिलेलं नसतं, मला कळतं, पण डोक्यात एकदा बसलं की बसलं.

डॉक्टरांनी मग सगळं शिकवलं. मांजर जिभेने नाही, नाकाने जेवतं, म्हणून खाणं अंगाएवढं कोमट करून द्यायचं, वास सुटला पाहिजे. खोल वाटी नको, पसरट ताटली, मिशा कडेला लागल्या की त्यांना आवडत नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. जेवताना टक लावून बघायचं नाही, पण एकटीलाही सोडायचं नाही, जवळ कुणीतरी बसावं, आपलं आपलं काहीतरी खात बसावं. आणि औषध खाण्यात कालवायचं नाही, नाहीतर ती दोन्ही सोडेल. औषध सिरिंजने गालाच्या कडेने. आणि औषध देणारा हात वेगळा, खाऊ घालणारा हात वेगळा. मांजर हात विसरत नाही, म्हणाल्या. तर मग वाटणी झाली. माझा हात घट्ट, मी दिवसभर पार्सलं बांधते, म्हणून औषध माझ्याकडे. बाबांचा हात हलका, सुईचा, म्हणून जेवण त्यांच्याकडे. तेव्हा मला फार शहाणपणाचं वाटलं होतं ते. पण तू विचार कर, एखादा जीव वाचवायचा म्हणून तुम्ही रोज त्याला टॉवेलमध्ये गुंडाळायचं, त्याचा जबडा धरायचा, आणि तो तुमच्याकडे अशा डोळ्यांनी बघणार की तू? तूसुद्धा? ती लबाड तर औषध गालात धरून ठेवायची. गिळायची नाही, थुंकायचीही नाही, नुसती बघत राहायची, आणि मी हात काढला की सगळं ओघळून खाली. मग डॉक्टर म्हणाल्या, गळ्यावरून बोट फिरवत राहायचं, खालच्या दिशेने, हळू, गिळेपर्यंत सोडायचं नाही. मी ते करायचे. बोटाखाली तो बारीक घोट हललेला कळायचा ना, तेव्हा मला रडू यायचं. पण त्या घोटानंतर ती माझ्या हातातून सुटायची ती थेट बाबांच्या मांडीवर. महिनाभरात अशी वेळ आली की माझ्या पावलांचा आवाज आला की ती मशीनखाली. आणि बाबा आले की त्यांच्या पायाला अंग घासायला पुढे. मी बाबांना म्हटलंसुद्धा, पुण्य तुमच्या खात्यात आणि शिव्या माझ्या खात्यात, हा कुठला न्याय? ते म्हणाले, "आई तरी वेगळं काय करायची?" म्हणजे लहानपणी ओरडायची आई आणि लाड त्यांचे, ते आठवून. आई गेल्यानंतर त्यांनी तिच्याबद्दल बोललेलं ते पहिलं वाक्य. मी आत जाऊन तोंड धुतलं.

आणि ती खायला लागली गं. पहिल्यांदा बाबांनी तिच्या पंजाला थोडासा कोमट मासा फासला, ती वैतागून पंजा चाटत बसली, चाटता चाटता थांबली, नाक हलवलं, आणि बाबांचं बोट चाटलं. मग ताटली. बाबा जमिनीवर बसायचे, एका बाजूला तिची पसरट ताटली, शेजारी त्यांचं स्वतःचं ताट, आणि दोघं आपापलं. मी पडद्याच्या फटीतून बघायचे, टक लावायची नाही म्हणून. थोड्या वेळाने जावं तर दोन्ही ताटं लख्ख. मला इतकं बरं वाटायचं त्या दोन रिकाम्या ताटांकडे बघून. आई गेल्यापासून बाबा पण दोन घास खाऊन उठायचे ना. ताई फोनवर विचारायची, बाबा जेवतात का, आणि मी सांगायचे, अगं, चिंधीला कंपनी म्हणून छान जेवतात आता, ताट चाटूनपुसून. चाटूनपुसून. मी हाच शब्द वापरायचे.

आता वजनाचं ऐक. घरात माणसांचा काटा आहे, आईच्या आजारपणात घेतलेला. त्यावर मांजर एकटं कुठे उभं राहणार. म्हणून मग आम्ही काय केलं, बाबा तिला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहायचे आणि एकूण आकड्यातून बाबांचं वजन वजा. बाबांचं वजन आम्ही पहिल्या दिवशी केलं होतं, चौसष्ट. ते माझ्या डोक्यात पक्कं. आणि आता तुला कळेल मी कसा गाढवपणा केला, कारण हा गाढवपणा फक्त माझ्यासारखीच करू शकते. आमच्या पार्सलच्या काउंटरला ठरलेल्या मापांची खोकी असतात. सकाळी आल्यावर रिकामं खोकं एकदा काट्यावर ठेवायचं, बटण दाबायचं, की दिवसभर तेवढं वजन आपोआप वजा होतं. मग येणाऱ्याचं सामान खोक्यात घाला, काटा फक्त सामानाचं वजन दाखवतो. खोकं परत कुणी मोजत नाही. खोकं काय, खोकं असतं. मी बाबांना एकदा म्हटलं होतं, तुमचं परत करूया का, तर ते म्हणाले, माझं काय रोज बदलतंय होय, मी काय मांजर आहे? मला ते पटलं. इतकं पटलं की मी हसले. आणि ते काट्यावर चढताना दरवेळी ते त्यांचं कामाचं बिनबाह्यांचं जाकीट घालायचे, पुढे चार खिसे असलेलं. मी म्हटलं, जाकीट कशाला, तर म्हणाले, हिची नखं लागतात. तेही पटलं. मला सगळं पटत होतं गं. फक्त चिंधीचं वजन तेवढं पटत नव्हतं. खाते, ताटली चाटते, डोळ्यांचा पिवळेपणा गेला, केस चमकायला लागले, आणि काट्यावर पाहावं तर तिथल्या तिथेच. मी कामावर पार्सलं तोलताना तोच विचार. हिच्या आत काहीतरी आहे, अन्न खाऊन टाकणारं, डॉक्टरांना न सापडलेलं. माझा जीव टांगणीला. म्हणून तर आज सुट्टी घेऊन तिला दाखवायला नेली.

तर आता डॉक्टरांचा काटा म्हणतो, किलोच्या वर वाढलीये. मी टोपली मांडीवर घेऊन बसमध्ये बसले होते. खिडकीतून दुकानांच्या पाट्या सरकत होत्या, मी एकही वाचत नव्हते. टोपली मांडीला जड लागत होती. इतके दिवस का नाही लागली, तर इतके दिवस ती माझ्या मांडीवर आलीच कुठे होती. समोर एक बाई आपल्या मुलाला केळं भरवत होती, तो तोंड फिरवत होता, ती त्याच्या तोंडामागे केळं फिरवत होती, आणि माझं डोकं आपोआप कामाला लागलं. काउंटरवर कधी कधी होतं असं. एकूण वजन तेच आहे आणि सामान मात्र जास्त भरलंय. असं झालं की आम्ही सामान बघत नाही. आम्ही म्हणतो, खोकं बदललंय. कुणीतरी हलकं खोकं वापरलंय. आणि हे वाक्य मनात पूर्ण झालं ना, तेव्हा मी टोपलीच्या कडा इतक्या घट्ट धरल्या की चिंधी आतून गुरगुरली. मग मी स्वतःची समजूत घातली. एक किलोच आहे. माणसाचा एक किलो काय, दोन दिवस पाणी कमी प्यायलं तरी जातो. कपडे तर त्यांच्या अंगावर कसे बसतात, बघ की. कुणी बारीक झालं की आधी कपडे सांगतात, कॉलर गळ्याभोवती फिरते, पँट पट्ट्यात गोळा होते. आईच्या वेळी तसंच कळलं होतं, तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या तेव्हा. बाबांचं तसं काही नाही. बाबांचा शर्ट बघ, खांद्यावर रेघ मारल्यासारखी शिवण. पँट बघ. मापात. सगळं मापात. मी तीन थांबे हेच म्हणत राहिले. आणि चौथ्या थांब्याला मला आठवलं की माझा बाप शिंपी आहे.

घरी आले तर दुकानात गिऱ्हाईक होतं. पडद्यापलीकडून बाबांचा आवाज येत होता, कंबर अमुक, मांडी अमुक, हात वर करा, श्वास सोडा. मी मागच्या दाराने आत गेले. टोपली खाली ठेवली, झाकण उघडलं, चिंधी अंग ताणत बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता पडद्याकडे गेली. आज ऊन होतं म्हणून बाबांनी जाकीट काढून खुंटीला लावलं होतं. मला माझी ओढणी लावायची होती म्हणून मी जाकीट उचललं. तुला माहितीये, माझ्या हाताला वजन कळतं. पार्सल हातात घेतलं की मी काट्याआधी आकडा सांगते, काउंटरवरचे त्यावर पैज लावतात. ते जाकीट माझ्या हातात आलं आणि हात खाली गेला. खिशात त्यांची जुनी मोठी कात्री होती, आणि कापड कापताना सरकू नये म्हणून वर ठेवतात ती लोखंडाची वजनं, दोन एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. रुमालात गुंडाळलेली. वाजू नयेत म्हणून. तीन किलोच्या जरा आत. मी काट्यावर ठेवलं नाही, गरज नव्हती. म्हणजे तो एक किलो नव्हता, चारच्या घरात होते. एक किलो तर हे सगळं खिशात घालूनही कमी पडला होता. मी कामावर गेल्यावर कधीतरी ते एकटे त्या काट्यावर उभे राहिले असतील, आकडा बघितला असेल, आणि दुकानात जाऊन लोखंड घेऊन आले असतील. मग नंतर परत एकटे उभे राहिले नसतील. नको वाटलं असेल बघायला. मग मी कपाट उघडलं. घडी घातलेल्या पँटी. मी एक उलटी केली. कंबरेला मागे जुन्या शिवणीची रेघ, तिच्या आत दुसरी, तिच्याही आत तिसरी, ताज्या दोऱ्याची. शर्टांच्या काखेखाली तसंच. इतकं सुबक काम गं. दोरा जुळवलेला, उसवल्याची भोकं इस्त्रीने दाबलेली. बाहेरून बघणाऱ्याला जन्मात कळणार नाही. ते स्वतःला आत आत घेत होते, आणि मी रोज बघून म्हणत होते, मापात आहेत.

आणि ताटं. तिथे कपाटापाशी मी खाली बसले, तेव्हा मला ताटं आठवली. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवसांत आईला अन्न जात नव्हतं. मी कामावरून जायचे तर तिचं ताट रिकामं. मला केवढा आनंद व्हायचा, मी नर्सला सांगायचे, बघा, आज सगळं खाल्लं. मी असले समोर की मी स्वतः भरवायचे, आणखी एक घास, माझ्यासाठी एक, ताईसाठी एक, आणि ती माझ्यासाठी तो घास घ्यायची आणि तिचे डोळे कुठेतरी दारापाशी जायचे, बाबा उभे असायचे तिथे. एकदा मी उशी नीट करत होते तेव्हा ती हसली, म्हणाली, "तुझे बाबा बघ कसे सुटलेत. माझ्या आजारपणात त्यांचं चांगलं चाललंय." आणि बाबाही हसले, आणि मीही हसले, कारण ते खरंच जरा सुटले होते. मला वाटलं, बसून बसून. आता कळतंय तुला? तिचं ताट ते संपवत होते. मला वाईट वाटू नये म्हणून. दोघांनी मिळून ठरवलं असणार, मी पोचायच्या आत. आणि आता तेच ताट, उलटं. मी चिंधीचं किती पाहिलं, दात, डोळे, शी, केस, आणि त्यांच्या शेजारचं ताट कोण चाटतंय हे मी फटीतून बघत होते आणि बघत नव्हते. त्यांना जात नव्हतं की त्यांना नको होतं, की काही आहे त्यांना आत, आईसारखं, मला काहीच माहीत नाही. अजूनही नाही. उद्या डॉक्टरकडे नेणार आहे, फरफटत नेईन, ते सोड. मला तुला पुढचं सांगायचंय.

गिऱ्हाईक गेलं. पडदा हलला. बाबा आत आले, गळ्यात टेप, कडेवर चिंधी, तिने त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकलेली. मी जाकीट परत लावलं होतं, कपाट लावलं होतं. त्यांनी विचारलं, किती भरली? अगदी सहज, गिऱ्हाइकाला छाती विचारावी तसं. आणि मी त्यांच्याकडे बघितलं, म्हणजे कपड्यांकडे नाही, त्यांच्याकडे. कानामागे, मनगटाला, गळ्याच्या त्या खड्ड्यात, जिथे शिवण घालता येत नाही. मी म्हटलं, वाढली, बाबा. किलोच्या वर. त्यांनी एकदा खुंटीकडे पाहिलं. जाकिटाचा खिसा मी नीट दाबला नव्हता, रुमालाचं टोक बाहेर राहिलं होतं. त्यांना कळलं की मला कळलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, खोटं तरी बोलतील. ते चिंधीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मग म्हणाले, "चला. दोघांतलं एक तरी."

खरंच सांगते, माझ्या अंगातलं सगळं माणूसपण गेलं आणि फक्त डॉक्टरांनी शिकवलेलं तेवढं उरलं. मी भात गरम केला, फार नाही, अंगाएवढा. वर थोडा रस्सा, वास सुटेल असा. खोल वाटी नाही घेतली, पसरट ताटली घेतली. थोडंसंच वाढलं. जमिनीवर ठेवलं, त्यांना बसवलं, आणि माझं ताट घेऊन जवळ बसले, त्यांच्याकडे न बघता. आणि चिंधी आली. तिची वेळच होती ती. तिने सवयीने सरळ त्यांच्या ताटलीत तोंड घातलं, आणि बाबांनी, तेही सवयीनेच, ताटली बोटभर तिच्याकडे सरकवली. इतकं हळू सरकवली गं. कितीतरी वेळा केलेलं काम होतं ते. आणि मी उठले आणि तिला मानेला धरून उचललं. जिच्यासाठी इतके दिवस डोळ्यात तेल घालून जागले, जिचा एकेक घोट बोटाखाली मोजला, आईची चिंधी. तिला मागच्या दाराबाहेर ठेवलं आणि कडी लावली. ती ओरडायला लागली. आजारी होती तेव्हा तिचा आवाजसुद्धा निघत नव्हता, आता चांगला खणखणीत निघत होता. दारावर नखं ओढत होती. बाबा दाराकडे बघत होते. म्हणाले, उघड. उपाशी आहे ती.

"एक घास," मी म्हटलं, "मग उघडते."

ऐकलंस ना मी काय म्हटलं ते. कुणाला म्हणत होते पूर्वी, तेही ऐकलंस. त्यांनाही ते ऐकू आलं असणार, कारण त्यांचा चेहरा एकदम तसा झाला, हॉस्पिटलच्या दारापाशी असायचा तसा. त्यांनी घास केला. छोटा, सुईने उचलल्यासारखा. तोंडात घातला. आणि गालात धरून ठेवला. गिळला नाही, थुंकला नाही, चावलासुद्धा नाही, एक गाल जरासा फुगलेला, आणि माझ्याकडे बघत राहिले, त्याच डोळ्यांनी. मांजराचं सोपं असतं, गळ्यावरून बोट फिरवता येतं. बाहेर ती दार ओरबाडत होती, आत ते बघत होते, आणि माझा हात कडीवर होता. औषधाचाच हात. तू सांग, तू काय केलं असतंस?